दादाचा हात

दादाच्या दुकानात कॉम्प्युटर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत जोडला जायचा. काउंटरवर रबरी चटई अंथरलेली असायची, तिच्यावर रिकामी पेटी आडवी ठेवलेली, आणि दादा एकेक भाग उचलून त्याचं नाव सांगत, मध्येच एखादा विनोद करत तो जागेवर बसवायचा. ही मेमरी, ही डिस्क, आणि हा पॉवर सप्लाय, माझ्या बायकोसारखा, तापला की लांब राहायचं. बायको तिथेच शेजारी गल्ल्यावर बसलेली असायची. ती मान वर न करता म्हणायची, "गिऱ्हाईक जाऊ दे, मग बघते तुझ्याकडे." गिऱ्हाईक खूश व्हायचं. हा विनोद रोज व्हायचा आणि रोज नव्याने व्हायचा.

फक्त एका कामाला दादा चारचौघांत हात लावत नसे. प्रोसेसर बसवायची वेळ आली की त्याचा आवाज खाली यायचा. "हे मात्र आत करावं लागतं. धुळीचा एक कण पडला तरी खेळ खलास." मग मदरबोर्ड छातीशी धरून तो मागच्या दाराने आतल्या खोलीत जायचा, दार लावून घ्यायचा, आणि थोड्या वेळाने कपाळ पुसत बाहेर यायचा तेव्हा प्रोसेसर बसलेला असायचा, त्यावर त्याला थंड ठेवणारा हीटसिंक आवळलेला असायचा आणि पंख्याची वायरसुद्धा जोडलेली असायची. गिऱ्हाईक इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडायचं. गावभर नाव झालं होतं. मशीन घ्यायचं तर तिथेच, दादाचा हात आहे.

हात दादाचा नव्हता. आत बारकी बसलेली असायची, दादाची धाकटी बहीण, आणि हात तिचा होता.

सुरुवात झाली ती खरोखरच्या अडचणीतून. दादाचे हात थरथरायला लागले होते. पेला उचलला तर पाणी हिंदकळायचं, सही केली तर ती मुंगी शाईत बुडून चालल्यासारखी दिसायची. आता कॉम्प्युटर जोडताना बाकी कुठे हात थरथरला तर चालतं, पण प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये केसापेक्षा बारीक पिना असतात, शेकड्यांनी, आणि त्यांच्यावर प्रोसेसर अलगद टेकवायचा असतो. तिरका पडला की पिना वाकल्या, पिना वाकल्या की मदरबोर्ड गेला. दादाने एकामागून एक दोन घालवले आणि डोक्याला हात लावून बसला.

त्याच सुमारास बारकी नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली होती. का सोडलं ते तिने कुणाला नीट सांगितलं नाही, आणि ज्यांनी फार विचारलं त्यांच्याशी ती बोलायची बंद झाली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. लग्नाआधी आणि नंतरही ती कानाची यंत्रं जोडण्याच्या कारखान्यात होती. भिंगाखाली, चिमट्याने, मोहरीएवढे भाग. एक दिवस दादा एक मदरबोर्ड घेऊन तिच्या उशाशी आला आणि म्हणाला, "बारके, एवढं बसवून दे गं." तिने उठून बसवला. दुसऱ्या दिवशी तो दोन घेऊन आला.

मग ती दुकानात यायला लागली आणि खोटं हळूहळू पसरायला लागलं. आधी एक पडदा होता. पडद्याला फट राहते म्हणून प्लायवुडचं पार्टिशन आलं. पार्टिशनला दार आलं. एका चौकस गिऱ्हाइकाने विचारलं की धूळ नको म्हणता, मग आत पंखा कशाला फिरतोय, तर त्या संध्याकाळी पंखा काढून टाकला. खिडकी आधीच बुजवली होती. पुढे डोक्याला टोपी आली, अंगाला पांढरा कोट आला, आणि शेवटी दाराला बाहेरून कडी आली, कारण एका गिऱ्हाइकाचं कार्टं सरळ आत घुसलं होतं आणि बारकीला टेबलाखाली लपावं लागलं होतं. खरं सांगायचं तर प्रोसेसर कुठेही बसवता येतो. जेवणाच्या टेबलावर बसवणारी माणसं आहेत. पण एकदा सांगून बसल्यावर मागे कसं जायचं? शिवाय नाव होत होतं. बाजारातल्या आणखी दोन दुकानांनी आपापल्या स्वच्छ खोल्या बांधल्या होत्या.

वहिनी त्या खोलीला कोठडी म्हणायची. बारकी सकाळी मागच्या बोळातून यायची, दुकान उघडायच्या आधी, आणि दुकान बंद झाल्यावर निघायची. बोर्ड आला की दादा समोर स्टुलावर बसायचा, हात गुडघ्यांत दाबून, आणि ती काम करायची. काम झालं की तो बोर्ड घेऊन जायचा आणि कडी लागायची. मधल्या वेळात ती ऐकत बसायची. प्लायवुडपलीकडे दादाचे विनोद, वहिनीची उत्तरं, शटरचा आवाज, रस्त्यावरचे हॉर्न. घाम मानेवरून कोटात उतरायचा. तिला वाटायचं, आपण आहोत हे या जगात तिघांनाच माहीत आहे, आणि त्यातली एक मी.

सोडून जावं असं तिच्या मनात येत नसे असं नाही. पण दगडाखाली हात सापडला होता, आणि तोही दुसऱ्याचा हात. दादाचं थरथरणं कमी होत नव्हतं. वाढतही नव्हतं, ती एक गंमतच होती. घरी जेवताना त्याचा चमचा ताटावर वाजायचा. सकाळी वहिनी त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची, आणि बारकी चप्पल घालता घालता ते बघायची आणि मुकाट्याने बोळाकडे वळायची. आपण गेलो तर हे दुकान महिनाभरात बसेल. ज्याने आपल्याला उठवून बसवलं त्याला आडवं पाडून जायचं?

आणि आता कारखान्यातल्या मावशीचा फोन आला होता. मावशी म्हणजे तिची जुनी सुपरवायझर, सगळे तिला मावशीच म्हणायचे. ती दुसऱ्या शहरात नवा कारखाना उभा करत होती. "जोडणीचं टेबल तुझ्या हाताखाली देते," मावशी म्हणाली होती. "आठ मुली आहेत, एकीलाही धड चिमटा धरता येत नाही. राहायला खोली आहे. मोठ्या खिडक्या आहेत गं, तू म्हणायचीस ना, उजेड हवा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही सांग, मग मी दुसरी बघते." आज शुक्रवार होता. बारकीने ठरवलं होतं, नाही म्हणून सांगायचं. वाक्यही तयार होतं. दादाची तब्येत बरी नाही, त्याला माझ्याशिवाय कुणी नाही. तिने ते मनात इतक्यांदा म्हटलं होतं की त्याची धार गेली होती.

सकाळी अकराच्या सुमारास नकाशेवाल्या बाई आल्या. त्यांचं इमारतींचे नकाशे काढायचं ऑफिस होतं आणि त्यांना सगळ्या ऑफिसाची मशीनं बदलायची होती. एवढी मोठी ऑर्डर दुकानाला कधी मिळाली नव्हती. कोठडीत बारकी बोर्डाची वाट बघत कोट घालून बसली होती. बाहेर दादाचे विनोद सुरू झाले. बाई हसल्या नाहीत. मग दादाचा आवाज खाली आला. "हे मात्र आत करावं लागतं."

"का?" बाईंनी विचारलं.

"धूळ, मॅडम. एक कण पडला तरी..."

"मागच्या दुकानदारानेही असंच आत नेलं होतं," बाई म्हणाल्या. "मशीन दर दहा मिनिटांनी बंद पडायचं. शेवटी माझ्या ऑफिसातल्याच मुलाने खोलून बघितलं, तर हीटसिंकच्या खालची प्लॅस्टिकची पट्टी काढलेलीच नव्हती. वर 'कृपया काढा' असं लिहिलेलं होतं. त्यामुळे मी आता कानाला खडा लावलाय. जे काय करायचं ते माझ्यासमोर करा."

"मॅडम, आमची पद्धत..."

"मग मी पण आत येते. टोपी द्या मला एक."

खुर्ची मागे सरकली. बारकी उभी राहिली. बोळाच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली दादाच्या खिशात. खोलीत टेबलाखेरीज लपायला काही नव्हतं, आणि टेबलाखाली आता रिकामी खोकी रचलेली होती. बाईंच्या चपलांचा आवाज दाराकडे येत होता. त्या आत आल्या तर वर्षानुवर्षांचं खोटं घामेजलेल्या कोटात त्यांच्यासमोर उभं असणार होतं. आणि आत आल्या नाहीत, तर दादाला ते बाहेर, त्यांच्या नाकासमोर, त्या हातांनी करावं लागणार होतं. इकडे आड तिकडे विहीर.

"बसा, मॅडम," दादाचा आवाज आला. "इथेच करतो."

वहिनी काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. बारकीने दाराला हात लावला. कडी बाहेरून होती. ठोकावं का? ठोकून काय सांगणार? ती दाराला कान लावून उभी राहिली. तिला दिसत काहीच नव्हतं, दाराखालच्या फटीतून आत आलेली उजेडाची एक रेघ सोडली तर. पण तिला ऐकू येत होतं, आणि हे काम तिने इतक्यांदा केलं होतं की त्याचा प्रत्येक आवाज ती झोपेतसुद्धा ओळखली असती.

टिक. सॉकेटची दांडी हुकातून सुटली. मग वरची पत्र्याची चौकट उचलल्याचा बारीक आवाज. आता डबीतून प्रोसेसर काढायचा, फक्त कडांना धरून. कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा. आणि सोडायचा, दाबायचा नाही.

चांगला बसलेला प्रोसेसर आवाज करत नाही. वाईट बसलेला करतो, नखाने कंगव्यावरून ओढल्यासारखा. बारकी त्या आवाजाची वाट बघत राहिली. हाताचं बोट तोंडात घालून, लहान पोरीसारखी. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकल उभी केली. आवाज आला नाही.

मग चौकट खाली आली आणि दांडी. कर्र.

"मोडलं!" बाई ओरडल्या.

"नाही हो मॅडम," दादा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात हसू होतं. "हा असाच वाजतो. पहिल्यांदा ऐकला की सगळे असेच दचकतात. हे बघा, सॉकेटचं झाकण आपोआप निघालं. म्हणजे बसला."

बारकीने तोंडातलं बोट काढलं. नशीब, तिला वाटलं. नशीब म्हणायचं. एकदा लागतो आंधळ्याचाही नेम. पण पुढचं कसं जमणार? प्रोसेसर आणि हीटसिंकमध्ये लावायच्या पेस्टची नळी तो दाबत असेल. मटाराच्या दाण्याएवढी, बरोबर मध्ये. "ही बघा पट्टी, ही काढली. ही तुमच्याच हातात ठेवा, मॅडम." बाई पहिल्यांदा हसल्या. हीटसिंक बोर्डावर टेकला. सरळ, एकदाच, मागेपुढे न सरकता. आणि मग स्क्रू.

हीटसिंकला चार कोपऱ्यांत चार स्क्रू असतात आणि ते एकेक करून पूर्ण आवळायचे नसतात. एक थोडा, मग त्याच्या तिरक्या समोरचा थोडा, मग उरलेले दोन, मग पुन्हा पहिला. नाहीतर एक बाजू दबते, दुसरी उचलली जाते. थरथरणाऱ्या हाताला हे सगळ्यात अवघड. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक खाचेतून निसटतं, पत्र्यावर घसरतं, ठणठण वाजतं. दादाने पूर्वी याच्यावरून शिव्या घातलेल्या तिने ऐकल्या होत्या.

टोक पहिल्या फटक्यात खाचेत बसलं. थोडं फिरलं. मग तिरकं समोर गेलं, पुन्हा पहिल्या फटक्यात. मग तिसरा. मग चौथा. एकदाही घसरलं नाही. दादा काम करता करता बाईंना विचारत होता की त्यांच्या ऑफिसात एसी आहे का, आणि स्क्रू फिरतच होते, अगदी एका लयीत. ही लय तिची होती. समोरच्या स्टुलावर बसून त्याने रोज बघितलेली.

बारकी दारापासून मागे सरकली आणि खोक्यांवर बसली. तिला आता काही ऐकायचं नव्हतं. मशीनने चालू होताना एकदा पीप केलं ते तिने ऐकलं, आणि बाई म्हणाल्या, "अर्धा तास मोठा नकाशा चालवून तापवा, मी बघते," तेही ऐकलं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. वहिनी त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची.

कडी निघाली. दादा आत आला, पाठीमागे दार ओढून घेतलं आणि तिच्याकडे न बघता स्टुलावर बसला. हात गुडघ्यांत दाबायला गेला आणि मध्येच थांबला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"हळू बोल, बाहेर..."

"कधीपासून थांबलंय, दादा?"

"मागच्या उन्हाळ्यात," तो म्हणाला. "गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी बिघडली होती. डॉक्टर म्हणालेच होते, गोळ्या घेतल्या की थरथरणं जाईल. गेलं."

"आणि ताटावर चमचा?"

दादा दाराकडे बघायला लागला.

"आणि बटणं? बायकोकडून बटणं लावून घ्यायचास! मी बघावं म्हणून?"

"ती तिची आयडिया," दादा घाईने म्हणाला, आणि हे बोलायला नको होतं हे त्यालाच कळलं. "बारके, तू पडून असायचीस तेव्हा. जेवत नव्हतीस. मग इथे यायला लागलीस आणि एक दिवस त्या कार्ट्यावरून टेबलाखाली हसत सुटलीस. घरी येऊन मी हिला सांगितलं, बारकी हसली. मग हात बरा झाला, तर हे तुला कसं सांगू? हात बरा झाला, आता तू जा परत भिंतीकडे?"

"मग नंतर? मी काय जन्मभर भिंतीकडे बघणार होते?"

बाहेर मशीनचा पंखा जोरात फिरायला लागल्याचा आवाज येत होता.

"नंतर सोय झाली," तो शेवटी म्हणाला. "तू माझ्यापेक्षा चांगलं करतेस. नाव माझं होत होतं. खोटं कशाला बोलू?"

बारकीला इतका राग आला की तिला वाटलं टेबल उलथून टाकावं. तिने डोक्यावरची टोपी काढली आणि त्याच्या अंगावर फेकली. ती त्याच्या मांडीवर पडली आणि तो तिची घडी घालायला लागला. "या कोठडीत मी उकडून मेले," ती दबक्या आवाजात ओरडली. "तुझ्या हातासाठी. मला वाटायचं मी गेले तर तू बुडशील. मावशीला मी आज नाही म्हणणार होते, माहितीये? तुझी तब्येत बरी नाही म्हणून!"

"कोण मावशी?" दादाने विचारलं. तिने त्याला सांगितलंच नव्हतं.

मग तिने सांगितलं, कारखाना, आठ मुली, आजची संध्याकाळ. सांगता सांगता तिच्या रागाखालून दुसरंच काहीतरी वर यायला लागलं आणि ते तिला अजिबात आवडलं नाही. मावशीने आठवड्यापूर्वी विचारलं होतं. आठवडाभर तिने ते दादापासून लपवलं होतं. त्याला काळजी वाटू नये म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. पण समजा सांगितलं असतं आणि तो म्हणाला असता, जा, तर? नवं शहर, अनोळखी खोली, आठ जणी तिच्या तोंडाकडे बघणार, आणि कुणीतरी विचारणारच, नवरा काय करतो. दादाचा हात थरथरत होता तोवर ती घाबरते असं कुणी म्हणू शकत नव्हतं. ती स्वतःसुद्धा. कडी बाहेरून होती हे खरं, पण तिला ती सोयीची झाली होती. दादाने तिला जेवढं फसवलं त्याच्या निम्मं तरी तिने स्वतःच केलं होतं, आणि आता तो हात बरा झाल्यावर तिच्याकडे नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं.

"जाऊ नकोस असं मला म्हणायचंय," दादा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पण म्हणत नाही."

"म्हणालास की," बारकी म्हणाली. तिने फोन उचलला आणि त्याच्यासमोरच लावला. मावशी पलीकडून हॅलो हॅलो करत होती. तयार केलेलं वाक्य जिभेवर आलं आणि तिने ते गिळलं. "मावशी, येते मी," ती म्हणाली. "सोमवारी." मावशी आनंदाने ओरडली ते दादालाही ऐकू गेलं.

तिने कोट काढून खुंटीला लावला. पिशवी घेतली. दादाला वाटलं ती बोळाच्या दाराने जाईल, त्याने खिशातून किल्ली काढली. ती पार्टिशनच्या दाराकडे वळली आणि सरळ दुकानात गेली.

भर उजेडात तिला डोळे बारीक करावे लागले. वहिनीने तिला बघितलं, मग तिच्यामागून आलेल्या दादाचा चेहरा बघितला, आणि हातातलं पेन खाली ठेवलं. नकाशेवाल्या बाई मशीनसमोर बसल्या होत्या, त्यांनी मान वळवली. आत कुणी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"या कोण?"

वहिनीने तोंड उघडलं. तिच्याकडे कुठलंतरी उत्तर तयार होतं, तिच्याकडे नेहमीच असायचं. पण दादा आधी बोलला.

"माझी बहीण," तो म्हणाला. "आजवर आत नेलेले सगळे प्रोसेसर हिने बसवलेत, मॅडम. मी फक्त बाहेर घेऊन यायचो."

बाईंनी पडद्यावर फिरणाऱ्या नकाशाकडे बघितलं, मग दादाकडे. एवढी मोठी ऑर्डर त्यांच्या ओठांवर लटकली होती आणि ते तिघांनाही दिसत होतं.

"आणि हा?" त्यांनी मशीनकडे बोट केलं. "हा तर तुम्ही माझ्यासमोर बसवलात."

"हा मी बसवला."

"आणि उरलेले कोण बसवणार?"

"ही चाललीये. मीच."

बाईंनी दादाला सोडलं आणि बारकीकडे वळल्या. माणूस खोटं बोलत होता हे त्यांना कळलं होतं, त्यामुळे आता त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. "तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "यांना जमतं का?"

बारकीने दादाकडे बघितलं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. ऑर्डर अडली असती, वहिनी रडली असती, आणि उरलेल्या मशीनांपुरतं तरी तिला थांबावं लागलं असतं. मग उरलेल्या महिन्यापुरतं. दादा तिच्याकडे बघत होता आणि तिने काय म्हणावं असं त्याला वाटत होतं ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"जमतं," ती म्हणाली. "केव्हाचंच जमतंय त्याला."

आणि ती काउंटरला वळसा घालून समोरच्या दाराने रस्त्यावर गेली.